बुलंद क्लबचे हबीबमामू

घाटंजीत सकाळी सकाळी दारात जिलबीचा पुडा आला, की समजायचं, काल हॉकीत आपण हरलो.

मला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. मी संगमनेरकडचा. नवं राज्य झालं, कुणा साहेबाने नकाशावर कुठेतरी बोट टेकवलं आणि माझी बदली यवतमाळ जिल्ह्यात झाली. मोटरस्टँडच्या खिडकीत बसून तिकिटं द्यायची नोकरी, आणि पिंजाऱ्याच्या दुकानाशेजारी एक खोली. आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी दाराची कडी वाजली. बाहेर एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. लुंगी, बंडी, आणि दाढीत, भुवयांत, कानांच्या केसांत सगळीकडे कापूस अडकलेला. त्यातलं पिकलेलं किती आणि पिंजलेलं किती, ते सांगणं अवघड होतं.

"घ्या बाबू, तोंड गोड करा," म्हणून त्यांनी पुडा माझ्या हातात दिला.

"कशाबद्दल?"

"काल बाभुळगाववाल्याहिसंगं मॅच होती आपली."

मी जिलबी तोंडात घातली. "वा! जिंकलात तर!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलून गेलो होतो. "नाही जी. सहा गोलनं हरलो."

अर्धी जिलबी तोंडात, अर्धी हातात. ती गिळायची, की दुःख व्यक्त करून बाजूला ठेवायची, हे मला कळेना. शेवटी मी गिळली आणि म्हणालो, "वाईट झालं." पण तोंड पाकाने भरलेलं असल्यामुळे ते शब्दही गोडच निघाले.

"वाईट कायले?" ते म्हणाले. "गोल त्याहिचे, खेळ आपला."

हे हबीबमामू. व्यवसायाने पिंजारी, आणि बुलंद हॉकी क्लबचे मॅनेजर, कोच, कोठारी, डॉक्टर, सगळं काही. ते कुणाचे मामा होते, हे खूप शोधूनही मला सापडलं नाही. त्यांना एकच मुलगी, ती उमरखेडला दिलेली. भाचा तर एकही नाही. पण सगळं गाव त्यांना मामू म्हणायचं, आणि त्यांच्या बायकोला मुमानी.

थंडी पडू लागली की घरोघरच्या गाद्या-रजया उसवून मामूंच्या दुकानात यायच्या. दिवसभर पिंजणाची तार टंग-टंग वाजायची आणि माझ्या खोलीपर्यंत कापूस उडायचा. मामू हाताने काम करायचे आणि तोंडाने हॉकी खेळायचे. गिऱ्हाइक म्हणे, "मामू, गादी केव्हा देता?" मामू म्हणत, "तो लेफ्ट इन बॉल सोडते केव्हा, त्याचाच पत्ता नाही अन् तुले गादीची पडली."

जिलबीचं कोडं मला फार दिवस छळत होतं. एकदा विचारलंच.

"असं पाहा बाबू," मामू म्हणाले, "जिकलेल्याले सारं गाव पुसते. हरलेल्या पोट्ट्याच्या घरी कोन जाते? जिलबी घेऊन गेलं का त्याच्या मायले दार उघडाच लागते. दार उघडलं का म्हनाव, बेटा, इतवारी मैदानावर ये."

"ते ठीक. पण मला कशाला? मी कुठे खेळतो?"

"तुमी राहाले तर घाटंजीतच आले ना? मंग तुमीबी हरले."

माझं नाव असं परस्परच हरणाऱ्यांत दाखल झालं.

बुलंद क्लबचं मैदान कापसाच्या जिनामागे, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीमागे होतं. बाजाराच्या दिवशी तिथे बैल बांधत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मॅच असली की मैदानावर जागोजाग शेण. बाहेरगावची टीम जोरात बॉल मारायची, आणि तो मध्येच शेणात रुतून बसायचा. आमच्या पोरांना शेणाच्या जागा पाठ असत. मामूंच्या मते हा आपला मोठा फायदा होता. तरी आपण का हरतो, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या पोट्ट्याहिले बॉलबी शेनात माराची सवय पडली ना."

गोली होता मारोती. स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी तळायचा, अंगाने भक्कम. त्याचे पॅड मामूंनी स्वतःच्या हाताने भरले होते, वेचक लांब धाग्याचा कापूस घालून. ते एवढे जाड झाले होते की मारोतीचे गुडघे एकमेकांना भेटत नसत. दोघांनी धरून त्याला गोलपर्यंत न्यायचं. तिथे तो दोन गाद्या उभ्या केल्यासारखा उभा राही. एकदा का पडला, की मग खेळ कुठेही चालू असो, दोन खेळाडूंना धावत येऊन त्याला उभं करावं लागे. तेवढ्यात समोरचे आणखी एक गोल करून घेत. गोल झाला की मामू रेषेबाहेरून हाक मारत, "मारोती, लागलं तर नाही ना रे?"

"नाही जी मामू!"

"मंग ठीक हाय!"

टीमचा मॅनेजर गोल खाल्ल्यावर "मंग ठीक हाय" म्हणतो, हे पाहून बाहेरगावचे लोक चक्रावून जात. मीही जायचो.

आणि एवढी वर्षं मॅनेजर असून मामूंना हॉकीचे नियम येत नव्हते. फाऊल, कॉर्नर, सगळं त्यांच्या लेखी रेफरीच्या लहरीवर होतं. सगळ्यांत राग ऑफसाईडवर. शिट्टी वाजली की लुंगी सावरत ते थेट मैदानात. रेफरी बहुतेक शाळेतलेच एखादे मास्तर असत.

"गुरुजी, काय केलं पोट्ट्यानं?"

"मामू, ऑफसाईड आहे."

"कोनाच्या साईडले?"

"तो पुढे होता."

"पुढं गेला, यात त्याचा काय कसूर? पुढं जाऊ नाही त काय घरी जाव?"

एका दुपारी मी त्यांना दुकानात बसवून समजावलं. सरक्या मांडून खेळाडू केले, रीळ ठेवून गोल केला. मामूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हनजे पुढच्यानं कुठी उभं राहाव, हे मागं राह्यलेले ठरवतेत?" मी सरक्यांकडे पाहिलं. पुन्हा मांडल्या. पुन्हा पाहिलं. त्या दिवसापासून मलाही ऑफसाईड कळेनासं झालं.

पण माझा खरा गोंधळ वेगळाच होता. बुलंदमध्ये एकही चांगला खेळाडू नव्हता, असं नाही. दरवर्षी एखादा निघायचाच. वर्षभर नुसती काठी फिरवणारं पोरगं दुसऱ्या वर्षी असं काही खेळू लागायचं, की मॅच पाहायला खेड्यावरून बैलगाड्या यायच्या. आणि पुढच्या हंगामात पाहावं तर तो पोरगा यवतमाळच्या मोठ्या क्लबात! त्या क्लबाचे एक साहेब होते, ते चांगला खेळणाऱ्या पोरांना नोकरी लावून देत. कुणी जंगलखात्यात, कुणी कचेरीत चपराशी, कुणी जिनात. आमची टीम पुन्हा काठ्या फिरवणाऱ्यांची. पुन्हा हार, पुन्हा जिलबी.

मामू गावभर शिव्या देत हिंडत. "चोट्टे हायेत! आमी पेराव अन् त्याहिनं न्याव!" गेलेल्या पोराचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

त्यातला एक यासीन. मी यायच्या आधीच गेलेला. एका बाजाराच्या दिवशी सकाळच्या मोटरीतून हातात पिशवी घेऊन तो उतरला. मामू कापसाचं गाठोडं सोडवायला स्टँडवर आलेले. त्यांनी त्याला पाहिलं आणि तिथेच गरजले, "चोट्ट्या! बेइमान! काहून आला तू?"

"मामू, मन नाही लागून राह्यलं तिथं..."

"इथं कोन बसलं तुह्या मनासाठी? आला तसाच वापस जा! घाटंजीत पाय ठेवला त टंगडी मोडीन!"

पोरगा भर बाजारात रडायला लागला. लोक जमले. मामूंनी त्याचा दंड धरून त्याला माझ्या खिडकीपाशी ओढत आणलं. "बाबू, याले यवतमाळचं तिकीट द्या. आत्ताच्या आत्ता!" आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढले. मोटर सुटेपर्यंत दाराशी उभं राहून त्याला शिव्या दिल्या. मोटर वळणाआड गेली तरी ते तिथेच. मला हे फार निर्दय वाटलं. आणि एक गोष्ट डोक्यात शिरेना. इतका रागावलेला माणूस दुसऱ्याचं तिकीट काढून देतो का?

त्यानंतरच्या वर्षी धनसिंग आला. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा. बाप नव्हता. आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची, हा दुसऱ्यांच्या शेळ्या राखायचा. मैदानाच्या कडेला शेळ्या सोडून तो वाकड्या काठीने दगड मारत बसायचा, आणि प्रत्येक दगड एकाच बोराच्या खोडाला लागायचा. मामूंनी हे पाहिलं आणि त्याच्या हातात स्टिक दिली.

खेळाडू म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. बॉल त्याच्या स्टिकला पाळीव जनावरासारखा चिकटून यायचा. बाभुळगावला आम्ही हरवलं. दारव्ह्याला हरवलं. घाटंजीत कुणाला काय करावं ते सुचेना. हरायची सवय इतकी पक्की, की पहिल्या विजयानंतर लोक थोडा वेळ मैदानावर नुसतेच उभे राहिले, पुढे काय करायचं असतं याची वाट बघत. मग मारोतीने पॅडांसकट नाचायचा प्रयत्न केला आणि पडला. त्याला उचलताना सगळ्यांना आनंद झाला.

मी धावत मामूंकडे गेलो. ते जिनाच्या भिंतीला टेकून बसले होते.

"मामू, जिंकलो आपण!"

"दिसलं मले."

"मग असे का बसलात?"

"पोट्टा लय चांगला खेळून राह्यला, बाबू." एखाद्याला दुखणं झाल्याचं सांगावं, तसं ते म्हणाले.

जसजसे आम्ही जिंकत गेलो तसतसे मामू खंगत गेले. दुकानात पिंजण वाजेना. मुमानी म्हणायची, "खात नाही, पीत नाही. टीम जिकली का याहिच्या घरात मय्यत झाल्यासारखं." यवतमाळच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या चारांत गेलो आणि मोठ्या क्लबाशी एकाच गोलने हरलो. आमचा जो गोल झाला तो धनसिंगचा. त्यांच्या साहेबाने खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, हे मी स्वतः पाहिलं. मामूंनीही पाहिलं. घाटंजी म्हणाली, पुढच्या वर्षी शील्ड आपलंच.

थोड्याच दिवसांनी, आठवड्याच्या मधल्याच एका वारी, मामू माझ्या खिडकीशी आले. खांद्यावर सुतळीने बांधलेली नवी कोरी गादी, लाल पट्ट्यांच्या कापडाची, कडेला मुमानीचा जाड निळा टाका. जरा लांब धनसिंग उभा, धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून.

"दोन यवतमाळ."

"काय मामू, कुठे?"

"गादी पोचवाले चाललो. एक गिऱ्हाइक हाय."

"आणि धनसिंग?"

"तो गादी धराले."

गादी तर मामूंच्याच खांद्यावर होती. पण मागे रांग होती, मी तिकिटं दिली. संध्याकाळच्या मोटरीतून मामू एकटेच उतरले. गादी नाही, धनसिंगही नाही. माझ्याकडे न बघता घरी गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात उभं राहून ओरडले, "नेला! चोट्ट्याहिनं धनसिंगबी नेला!"

गाव पेटलं. मी मात्र खिडकीत बसून विचार करत होतो. मी माझ्या परीने त्याची संगती लावली ती अशी: मामू गादी द्यायला गेले, पोरगा स्टँडवर थांबला, आणि तेवढ्या वेळात मोठ्या क्लबाच्या लोकांनी त्याला पळवला. गादीपायी टीम गेली. म्हणूनच बिचारे माझ्याकडे बघत नसतील. मला त्यांची फार दया आली.

क्लबाला बनियन देणारे शेठ होते. त्यांनी जिनात बैठक बोलावली. म्हणाले, बास झालं आता. दरसाल आपलं हसू होते. क्लब बंद करू, मैदान बैलबाजाराला देऊन टाकू. सगळ्यांनी माना हलवल्या. मामू उठले. बोलायला सुरुवात केली, पण काय म्हणायचं आहे हे त्यांनाच सापडत नव्हतं.

"बंद कराचा नाही," ते म्हणाले.

"काहून पण, मामू?" शेठ म्हणाले. "तुमीच त शिव्या देता."

"शिव्या येगळ्या."

"धनसिंग गेला. आता हाय कोन आपल्याजवळ?"

"आता नाही. येईन कोनी. अन् तो येईन, तवा मैदानावर बैल बांधेल असले त तो खेळन कुठी?"

बैठक मोडली. क्लब राहिला, बनियन बंद झाले.

पुढे महिन्याभराने मला कचेरीच्या कामाने यवतमाळला जावं लागलं. काम आटोपून चहा पीत होतो, तर कुणीतरी हाक मारली, "बाबूसाहेब!" यासीन होता. खाकी कपड्यात, अंगाने भरलेला. मी तिकीट दिलं होतं, हे त्याच्या लक्षात होतं. आग्रहाने खोलीवर घेऊन गेला. मोठ्या क्लबाच्या मैदानाशेजारी एक लांब कौलारू खोली, तिथे बाहेरगावचे खेळाडू राहात. भिंतीकडेला ओळीने गाद्या पसरलेल्या. मी एका गादीवर बसलो आणि बसताक्षणी वाटलं, ही आपल्या ओळखीची आहे. लाल पट्टे. कडेला जाड निळा टाका. शेजारच्या गादीलाही तोच टाका. त्यापलीकडच्या दोन गाद्यांनाही.

"ही गादी..." मी म्हणालो.

"मामूनं देल्ली. आमच्या घाटंजीच्या साऱ्या पोट्ट्याहिले हाय."

"मामू इथे आले होते?"

यासीन माझ्याकडे पाहातच राहिला. "तुमाले मालूम नाही? मामूच त घेऊन आलते मले. धनसिंगलेबी तेच घेऊन आले. साहेबाच्या ओसरीवर सकाळपासून बसले. साहेब म्हने, जागा नाही. तर म्हने, तुमी त्याच्या गोलले टाळ्या वाजवल्या ना, मंग आता जागा करा."

मी गादीचा तो निळा टाका पुन्हा निरखून पाहिला. "मग त्या दिवशी बाजारात शिव्या कशाला दिल्या तुला?"

"मी पळून आलतो ना. चार गोड शब्द बोलले असते तर मी वापस गेलोच नसतो." तो हसला. "अदुगर मलेबी राग आलता. मंग समजलं."

तेवढ्यात धनसिंग आला. अंगात नवा सदरा, नोकरी जिनात लागलेली. माझ्या पाया पडला आणि पहिला प्रश्न विचारला, "याडी कशी हाय?" याडी म्हणजे त्यांच्यात आई. दुसरा प्रश्न, "मामू अजून शिव्या देते का मले?"

"रोज," मी म्हणालो.

त्याला बरं वाटलेलं दिसलं.

परत आलो तो तडक दुकानात. मामू पिंजत होते. मुमानी आतल्या दाराशी टाका घालत बसली होती. मी सगळं सांगितलं. पिंजणाची तार वाजतच राहिली, पण कापूस काही उडेना. मामू रिकामंच पिंजत होते.

"मग गावाला खरं का सांगत नाही?" मी विचारलं.

"गाव म्हनन, मामूनंच टीम बुडवली."

"पण ते खरंच आहे, मामू!"

"खरं हाय म्हनूनच त भेव लागते," ते म्हणाले. "पोट्टा चांगला खेळाले लागला का मले झोप लागत नाही. इथं ठेवला त टीम जिकन. अन् त्याचं काय? तो शेळ्याच राखन. नेऊन सोडला त त्याचं होईन, अन् मंग..." त्यांनी रिकाम्या दुकानात हात फिरवला. "काय बरोबर हाय, मलेच समजत नाही, बाबू. तुमाले समजलं त सांगा."

मुमानी दोरा तोडत म्हणाली, "अल्लानं पोरगी एकच देल्ली, पन बिदाई आमच्या घरी दरसाल होते. गादी भरतानी दार लावून घेतेत हे. सांगतेत, कापूस उडते."

मामू तिच्यावर खेकसले आणि पाणी प्यायला उठून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या हंगामात बुलंदची पहिलीच मॅच यवतमाळच्या मोठ्या क्लबाशी, त्यांच्याच मैदानावर पडली. टीममध्ये कोण होते, ते न सांगितलेलं बरं. बनियन नव्हते, तेव्हा मुमानीने गादीच्या उरलेल्या लाल पट्ट्यांच्या कापडाचे सदरे शिवून दिले होते. टीम मैदानात उतरली तेव्हा बघणारे म्हणाले, बिछाने आले. गाव मोटर भरून आलं होतं, धनसिंगला शिव्या द्यायला. मामू रेषेवर सगळ्यांच्या पुढे.

धनसिंग दिसला आणि मामूंनी तोंड उघडलं.

"चोट्ट्या! बेइमाना!"

घाटंजीकरांनी एकच कल्ला केला. मी मामूंच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. त्या गलक्यात त्यांचे पुढचे शब्द फक्त मला ऐकू येत होते, आणि धनसिंगला येत असावेत, कारण तो आमच्याच कडेने खेळत होता.

"दुबळा झाला रे हरामखोरा! खात नाही का तिथं?"

धनसिंग बॉल घेऊन गेला. मारोती हलायच्या आत गोल.

"पायाले पट्टी काहून नाही बांधली, गाढवा! मोडून घेशीन टंगडी!"

दुसरा गोल.

"तुही माय बरी हाय! खोकला गेला तिचा! ऐकू येते का, नालायका!"

धनसिंगने मान हलवली आणि बॉल पुढे काढला. मागून घाटंजीकर म्हणत होते, "द्या मामू! आखीन द्या!" मामू देत होते. आवाज फुटला, घसा बसला, दाढी ओली झाली. मी कुणाच्या बाजूने आहे, हे मला कळेनासं झालं होतं. एकदा चुकून मी धनसिंगच्या गोलाला टाळ्या वाजवल्या आणि शेठ माझ्याकडे डोळे वटारून बघू लागले.

मॅच संपली. धनसिंग रेषेकडे यायला निघाला. सगळं गाव बघतंय, हे मामूंना दिसलं. त्यांनी पाठ फिरवली. तो दहा पावलांवर थांबला. खाली वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि परत फिरला. लोकांना वाटलं, सांडलेलं काहीतरी उचललं असेल.

परतीच्या मोटरीत मारोती मागच्या बाकावर पॅडांत डोकं खुपसून झोपला. मामू माझ्याशेजारी खिडकीशी बसले होते. बाहेर बोंडं फुटलेली रानं मागे पळत होती, वेचणाऱ्या बाया ओटी भरून बांधावर येत होत्या. निम्मी वाट गेली.

"बाबू," मामू बसलेल्या घशाने म्हणाले, "सारे गोल त्यानंच केले ना?"

"सगळे. एक सोडून."

"हं. तुमी शिकलेले मानूस. एक सांगा."

"काय?"

"आज आपन हरलो, का जिकलो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. गोल तर मोजलेले होते, त्यात शंका नव्हती. तरी म्हणालो,

"मला नाही सांगता येत, मामू."

"मलेबी," ते म्हणाले, आणि घाटंजी येईपर्यंत त्यांनी तोंड खिडकीकडेच ठेवलं.